मंगळ जवळ येतो म्हणजे किती जवळ?

ऑगस्ट उजाडला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो: 27 तारखेला मध्यरात्री आकाशात दोन चंद्र दिसणार, मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा होणार, असा योग आपल्या हयातीत पुन्हा येणार नाही. त्यापाठोपाठ चर्चा सुरू होते, की मंगळ तापट ग्रह, तो जवळ आला म्हणजे भूकंप, आगी, अपघात आलेच.

या मजकुराच्या मुळाशी एक खरी घटना आहे. 27 ऑगस्ट 2003 रोजी मंगळ पृथ्वीपासून 5 कोटी 57 लाख 58 हजार किलोमीटरवर आला होता. सुमारे 60 हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. त्या वेळी ई-मेलवर फिरलेल्या मजकुरात म्हटलं होतं, की 75 पट मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. हे बरोबर होतं. पुढे पाठवणाऱ्यांच्या हातून दुर्बीण गळाली, वर्ष गळालं, आणि उरलेलं अर्धं वाक्य दरवर्षी नव्याने येऊ लागलं.

‘60 हजार वर्षांत पहिल्यांदा’ हेही नीट समजून घ्यायला हवं. 1924 च्या ऑगस्टमध्ये मंगळ जवळपास तेवढाच जवळ होता. फरक होता सुमारे 20 हजार किलोमीटरचा. साडेपाच कोटींच्या हिशेबात तो नगण्य आहे. 2003 चा मंगळ चंद्राच्या 145 पट दूर होता. अडीच सेंटिमीटरचं नाणं 200 मीटरवर धरलं तर जेवढं दिसेल, तेवढाच तो दिसत होता. तो खरोखर चंद्राएवढा दिसायचा तर साडेसात लाख किलोमीटरवर यावा लागेल. तसं झालं तर त्याच्यामुळे येणारी भरती चंद्राच्या भरतीहूनही मोठी असेल, आणि ते कळायला कुणाच्या मेसेजची गरज पडणार नाही.

मंगळाच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढीची भीती याच हिशेबाने निकालात निघते. मंगळाचं वस्तुमान चंद्राच्या जवळपास नऊपट आहे, पण समुद्राला भरती आणणारा परिणाम अंतराच्या घनाने घटतो. त्यामुळे अगदी 2003 च्या अंतरावरही मंगळाचा हा परिणाम चंद्राच्या परिणामाच्या साडेतीन लाखांतल्या एका भागाएवढा भरतो. खरं तर सर्वांत जवळ येणारा ग्रह मंगळ नव्हेच. शुक्र चार कोटी किलोमीटरच्या आसपास येतो आणि वस्तुमानानेही मंगळाच्या सातपटीहून अधिक आहे. तो जवळ आला म्हणून मात्र कुणी घाबरत नाही, कारण त्या वेळी त्याची अंधारी बाजू आपल्याकडे असते आणि तो सूर्याच्या झळाळीत दिसतही नाही.

घबराटीचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या देशातलंच आहे. फेब्रुवारी 1962 मध्ये मकर राशीत अष्टग्रही जमली: सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी आणि केतू. जगबुडी होणार म्हणून ठिकठिकाणी यज्ञ झाले, लोकांनी प्रवास पुढे ढकलले. पण ‘एकत्र’ आले होते म्हणजे काय, तर पृथ्वीवरून एका दिशेला दिसत होते. गुरू त्या वेळी 90 कोटी किलोमीटरवर होता, शनी 160 कोटींच्याही पुढे. शुक्र, मंगळ, गुरू, शनी हे चौघेही सूर्याच्या पलीकडे, आपल्यापासून खूप लांब गेलेले होते. केतू तर ग्रहच नाही. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला छेदतो त्या दोन बिंदूंपैकी तो एक. त्याच्याजवळ अमावास्या आली म्हणून 5 फेब्रुवारीला खग्रास सूर्यग्रहण झालं, ते न्यू गिनीच्या बाजूला. जगबुडी झाली नाही.

आता पंचांगातल्या ‘वक्री मंगळा’बद्दल. वक्री म्हणजे ग्रह खरोखर उलटा फिरतो, आणि म्हणून तो बिघडलेला असतो, असा समज पक्का आहे. पृथ्वी सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने आतल्या कक्षेतून धावते, मंगळ 24 किलोमीटर वेगाने बाहेरच्या. साधारण 26 महिन्यांनी आपण त्याला मागे टाकतो आणि त्या काही आठवड्यांत तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे सरकताना दिसतो. मंगळ जवळ येतो तेव्हा तो वक्री असतोच. एकाच घटनेला दोन नावं आहेत, त्यात दुप्पट अशुभ काही नाही.

या सगळ्यात ज्या समजाने माणसांचं प्रत्यक्ष नुकसान होतं, तो पत्रिकेतला मंगळ. आकाशात तो जवळ येऊन गेला तरी कुणाचं काही बिघडत नाही, पण ‘मुलीला मंगळ आहे’ या तीन शब्दांनी ठरत आलेली लग्नं मोडतात. म्हणून हा मंगळ येतो कुठून ते पाहू. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की पत्रिका मंगळाची. ही स्थानं लग्नराशीपासून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीपासून, मोजतात. लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते, त्यामुळे पृथ्वीच्या एका फेरीत, म्हणजे 24 तासांत, मंगळ बाराही स्थानांतून फिरून येतो. बारांपैकी पाच स्थानं म्हणजे रोजचे साधारण दहा तास. त्या दहा तासांत जन्मलेलं प्रत्येक मूल, मुलगा असो वा मुलगी, मंगळाचं. दहातली चार बाळं! अपवादांची लांबलचक यादी शास्त्रात का जोडावी लागली, ते यातून उमगतं. शिवाय मंगळाचं पृथ्वीपासूनचं अंतर साडेपाच कोटींपासून 40 कोटी किलोमीटरपर्यंत बदलत असतं, आणि पत्रिकेत त्या अंतराला रकानाच नाही. ग्रहाचा प्रभाव खरा मानला, तर तो सातपट अंतराने काहीच बदलू नये, हे कसं?

पत्रिकेची परीक्षा पुण्यात झालेलीही आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 100 हुशार आणि 100 बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून कोणती कुणाची ते सांगितलं. उत्तरं बरोबर आली सरासरी 46 टक्के. नाणं उडवून 50 टक्के येतात. 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

मंगळाच्या जवळ येण्याने माणसाला आजवर मिळालं ते ज्ञानच. 1672 मध्ये तो जवळ असताना कॅसिनीने पॅरिसमधून आणि रिशे याने दक्षिण अमेरिकेतल्या कायेनमधून त्याची स्थाने मोजली, आणि त्यातून सूर्य सुमारे 14 कोटी किलोमीटरवर असल्याचं निघालं. आजचा आकडा 14 कोटी 96 लाख. त्या काळच्या साधनांच्या मानाने हे विलक्षण आहे. 1877 च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅसाफ हॉल यांना मंगळाचे दोन्ही चंद्र सापडले. आपलं मंगळयान 5 नोव्हेंबर 2013 रोजी श्रीहरिकोटाहून निघालं आणि 24 सप्टेंबर 2014 रोजी पोचलं, तेही याच 26 महिन्यांच्या चक्राचं गणित धरून.

19 फेब्रुवारी 2027 ला मंगळ सूर्याच्या बरोबर समोर, सिंह राशीत असेल. अंतर सुमारे 10 कोटी किलोमीटर, म्हणजे 2003 च्या जवळपास दुप्पट. तरी मावळतीनंतर पूर्वेला उगवणारा, न लुकलुकणारा नारिंगी ठिपका नुसत्या डोळ्यांनी सहज ओळखता येईल. जवळपास 2003 इतका जवळचा मंगळ पाहायचा तर सप्टेंबर 2035 ची वाट पाहावी लागेल. तेव्हा तो 5 कोटी 69 लाख किलोमीटरवर येईल. दोन्ही वेळा मुलांना गच्चीवर नेऊन तो जरूर दाखवा, आणि घरात लग्नाची बोलणी निघतील तेव्हा मंगळाची चौकशी करू नका.