पाळक निवडणारी मंडळी

मराठी गद्याच्या इतिहासात विल्यम कॅरे हे नाव सुरुवातीलाच भेटतं. १८०५ मध्ये त्यांचं मराठी व्याकरण निघालं, १८१० मध्ये मोडी ठशांत छापलेला मराठी-इंग्रजी कोश आला, पुढच्याच वर्षी मराठी ‘नवा करार’ आला. हे सगळं छापलं गेलं बंगालमध्ये, हुगळीच्या काठी, सेरामपूरला. बंगाली माणसं या गावाला श्रीरामपूर म्हणतात. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरशी त्याचा काही संबंध नाही. आपल्या वाङ्मयेतिहासांत कॅरे येतात ते व्याकरणकार म्हणून. त्यांच्या पाठीशी एक मंडळी होती, मूठभर माणसांची, आणि त्या मंडळीचे काही नेम होते, याकडे मात्र आपलं सहसा लक्ष जात नाही. बॅप्टिस्ट परंपरा समजून घ्यायची तर त्या नेमांपाशीच जावं लागतं, असं मला वाटतं.

‘बॅप्टिस्ट’ म्हणजे पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देणारे, एवढीच ओळख बहुतेकांना असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. मूळ मुद्दा पाण्याआधीचा. तान्ह्या बाळाला विश्वास ठेवता येत नाही. म्हणून ज्याला कळतं आणि जो स्वतः तोंडाने कबुली देतो त्यालाच बाप्तिस्मा द्यावा, हे त्यांचं म्हणणं. आता हे मान्य केलं की पुढचं सगळं ओघाने येतं. सभासद जन्माने होत नाही, स्वतःच्या निर्णयाने होतो. मग अशा सभासदांची मंडळी तरी वरून नेमलेल्या बिशपच्या हुकमात कशाला राहील? आपला पाळक ती आपणच निवडते, डीकन म्हणजे मंडळीचे कारभारी निवडते, कुणाला आत घ्यायचं हे ठरवते, पैशाचा हिशेबही स्वतःच बघते. आणि श्रद्धा हा ज्याचा त्याचा निर्णय असेल, तर राजाने त्यात हात घालायचा नाही.

ही शेवटची गोष्ट सतराव्या शतकात भलतीच महाग पडली. जॉन स्मिथ आणि थॉमस हेल्विस हे इंग्रज आपली माणसं घेऊन अ‍ॅमस्टरडॅमला पळाले आणि १६०९ मध्ये तिथे त्यांनी प्रौढांच्या बाप्तिस्म्यावर उभी असलेली मंडळी स्थापली. हेल्विस १६१२ च्या सुमारास काही जणांना घेऊन मायदेशी परतले आणि लंडनच्या वेशीबाहेर स्पिटलफील्ड्सला त्यांनी इंग्लंडच्या भूमीवरची पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी केली. राजा हाही मर्त्य माणूस आहे, प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता नाही; पाखंडी असो, तुर्क असो वा यहुदी, श्रद्धेपायी कुणालाही शिक्षा करण्याचा त्याला अधिकार नाही, असं त्यांनी पुस्तकात छापून टाकलं. त्यांना न्यूगेटच्या तुरुंगात टाकण्यात आलं आणि तिथेच त्यांचा अंत झाला. स्वतःच्या पंथापुरती सवलत पुष्कळांनी मागितली आहे. ज्यांच्याशी आपलं पटत नाही त्यांच्यासाठीही तीच मोकळीक मागणारा माणूस त्या काळात विरळा. हेल्विस यांचं मोल मला त्यासाठी वाटतं.

त्याच शतकातला जॉन बन्यन हा बेडफर्डचा कल्हईवाला. परवाना नसताना प्रवचन केलं म्हणून बारा वर्षं तुरुंगात होता. १६७२ च्या जानेवारीत बेडफर्डच्या मंडळीने त्याला आपला पाळक निवडलं, तेव्हा त्याची सुटका अजून व्हायची होती. कैदेतल्या माणसाला पाळक निवडण्याची हिंमत त्या मंडळीने दाखवली ती कुणाच्याही परवानगीशिवाय. या बन्यनचं ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हरि केशवजी यांनी ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ मध्ये मराठीत आणलं.

कॅरे हे याच मुशीतले. नॉर्थॅम्प्टनशरच्या पॉलर्सपरी गावी १७६१ मध्ये जन्म, धंदा चांभाराचा. १७८३ मध्ये नेन नदीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना उपदेशक व्हायचं होतं, पण ते ठरवणार कोण? १७८५ च्या उन्हाळ्यात ऑल्नी गावच्या मंडळीपुढे त्यांनी प्रवचन केलं. मंडळीचं समाधान झालं नाही. सध्या जिथे बोलता तिथे बोलत राहा, अधूनमधून आमच्यापुढे येऊन पुन्हा बोला, मग बघू, असा ठराव झाला. पुढे जगभर ज्यांचं नाव झालं त्या माणसाला खेड्यातल्या साध्यासुध्या लोकांनी वर्षभर थांबवलं, आणि १७८६ च्या ऑगस्टमध्ये परवानगी दिली. कॅरे यांनी निमूटपणे ते मान्य केलं. पुढे लेस्टरला पाळक असताना मंडळीत बेबनाव इतका वाढला की १७९० मध्ये त्यांनी ती मंडळीच विसर्जित केली आणि मंडळीच्या नव्या करारनाम्याला कबूल होणाऱ्यांना घेऊन पुन्हा बांधली. अशी मंडळी एकमेकांना दिलेल्या शब्दावरच उभी असते, हे यातून उघड दिसतं.

२ ऑक्टोबर १७९२ ला केटरिंगमधल्या एका विधवेच्या घराच्या मागच्या खोलीत जेमतेम चौदा माणसं जमली आणि परदेशी कार्यासाठी बॅप्टिस्ट संस्था निघाली. त्या संध्याकाळी कबूल झालेली वर्गणी तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. पुढच्या वर्षी कॅरे बंगालला निघाले. ईस्ट इंडिया कंपनी १८१३ पर्यंत आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नव्हती. सेरामपूर मात्र डेन्मार्कच्या ताब्यात होतं. म्हणून १८०० च्या जानेवारीत कॅरे तिथे आले. शाळामास्तर जोशुआ मार्शमन, त्यांच्या पत्नी हॅना आणि मुद्रक विल्यम वॉर्ड हे आधीच पोचले होते. एप्रिलमध्ये मंडळी रीतसर स्थापन झाली. कॅरे पाळक निवडले गेले, मार्शमन आणि सहकारी मिशनरी फाउंटन डीकन.

या माणसांनी राहायचं कसं हेही ठरवून घेतलं होतं. सगळी कुटुंबं एका आवारात, जेवण एका पंगतीला, मिळकत एका तिजोरीत. घरखर्च आणि व्यवस्था पाहण्याची पाळी महिन्यामहिन्याला बदलायची. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवण्याबद्दल कॅरे यांना महिना पाचशे, पुढे हजार रुपये मिळू लागले. मार्शमन दांपत्याच्या शाळा चांगल्या चालत, छापखान्यालाही काम होतं. हे सगळं सामायिक खात्यात जाई. आणि शनिवारची संध्याकाळ आठवड्याभरातले रुसवेफुगवे मिटवण्यासाठी राखून ठेवलेली. कुणाचं कुणाशी वाजलं असेल तर ते त्या रात्री बोलून संपवायचं, कारण दुसऱ्या दिवशी उपासनेला एकत्र बसायचं असे. मला यांच्या सगळ्या धर्मशास्त्रापेक्षा हा शनिवारचा नेम जास्त शहाणपणाचा वाटतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही त्याची किंमत कळेल.

१८०० च्याच नोव्हेंबरात कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला. मिशनचे डॉक्टर टॉमस यांनी तो बसवला आणि ओळख वाढली. २२ डिसेंबरला कृष्ण पाल आणि त्याचा मित्र गोकुळ मिशनऱ्यांबरोबर उघडपणे जेवले. जात मोडली म्हणून गावात गदारोळ उठला, जमावाने त्यांना धरून डॅनिश अधिकाऱ्यापुढे नेलं. त्याने त्यांना सोडून दिलं. बाप्तिस्म्याआधी प्रत्येकाने मंडळीपुढे उभं राहून आपली हकिगत आपल्या तोंडाने सांगायची, हा बॅप्टिस्टांचा जुना नेम. तो इथेही पाळला गेला. २८ डिसेंबरला हुगळीच्या घाटावर कृष्ण पाल आणि कॅरे यांचा मुलगा फेलिक्स पाण्यात उतरले. गोकुळ त्या दिवशी मागे हटला; तो नंतर आला. घाटावर गाणी चालू असताना मिशनच्या आवारात डॉक्टर टॉमस आणि कॅरे यांच्या पत्नी डोरोथी, दोघंही मनाच्या आजाराने बंदिस्त होती. डोरोथी यांचं दुःख कॅरे यांच्या चरित्रांत फार थोडक्यात उरकलं जातं. ज्या घराला त्या कधी मनापासून तयार नव्हत्या, त्या घराचा इतिहास सांगताना त्यांना वगळू नये.

आता एक लग्न. १८०३ चा एप्रिल. नवरा कृष्णप्रसाद, जन्माने ब्राह्मण. नवरी आनंदा, कृष्ण पालची मुलगी, सुताराच्या घरातली. बंगालच्या त्या काळात हे लग्न म्हणजे केवढी मोठी गोष्ट असेल! सासऱ्याने जावयाला आपल्या घराला लागून जागा दिली, मिशनने घर बांधायला पन्नास रुपये उसने दिले, तेही पगारातून महिन्याच्या हप्त्याने फेडायच्या बोलीवर. आधी नव्या घरात प्रार्थना झाली. मग शेजारच्या उघड्या मांडवात चटया आणि खुर्च्या मांडल्या, आजूबाजूची माणसं गोळा झाली. कॅरे टेबलाशी बसले, थोडं बोलले, छापील करारनामा वाचला. हातात हात घेऊन दोघांनी आळीपाळीने वचन दिलं आणि कागदावर सह्या केल्या. साक्षीदारांत कॅरे, मार्शमन, वॉर्ड यांच्या बरोबरीने बंगाली नावंही होती. मंत्र, मुहूर्त, हुंडा यांतलं काही नाही. दोन माणसांचा शब्द आणि तो ऐकायला मंडळी.

त्याच वर्षी ऑक्टोबरात गोकुळ गेला. कृष्ण पालने शवपेटीला आतून-बाहेरून पांढरी मलमल लावली. पेटीला खांदा कुणी दिला? मार्शमन, फेलिक्स कॅरे, पूर्वाश्रमीचा ब्राह्मण भैरव आणि पूर्वाश्रमीचा मुसलमान पिरू. मर्तिकाला कोण शिवतो आणि कोण नाही, यावर ज्या समाजात माणसाची जात ठरते, तिथे हे चार खांदे रस्त्याने उघडपणे चालले. एकाच पेल्यातून प्रभुभोजन घ्यायचं हे मंडळीने आधीच ठरवलं होतं. पण आतल्या पंगतीपेक्षा ही अंत्ययात्रा गावाला जास्त बोलली असणार.

१८०५ मध्ये मिशनऱ्यांनी आपला करारनामा लिहून काढला. त्यातल्या दोन गोष्टी आजही दाद द्यावी अशा. नव्याने आलेल्यांची नावं बदलायची नाहीत. म्हणून कृष्ण पाल शेवटपर्यंत कृष्ण पालच राहिला. आणि देशी मंडळ्यांना लवकरात लवकर देशी पाळक आणि डीकन मिळाले पाहिजेत. कागदावरचा हेतू आणि रोजचा व्यवहार यांत अंतर होतं, तिजोरीच्या किल्ल्या इंग्रजांच्याच हाती होत्या. तरी ऑल्नीच्या मंडळीला जो अधिकार होता तो बंगाली सुताराच्या मंडळीलाही असावा, हे त्यांनी लिहून ठेवलं, ही लहान गोष्ट नव्हे.

मराठीचं काम या संसारातच चाललं. पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर हे ठसे कोरत; व्याकरण देवनागरीत छापलं, कोश मोडीत. फोर्ट विल्यमचे मराठी पंडित वैजनाथ शर्मा यांच्या आधाराशिवाय यातलं काहीच उभं राहिलं नसतं. १८१४ ची मोडी ‘सिंहासनबत्तिशी’ही त्यांच्याच नावावर आहे. ते त्या मंडळीचे सभासद नव्हते, आणि त्यांना तसं व्हावंही लागलं नाही. ११ मार्च १८१२ च्या रात्री छापखाना जळाला. कित्येक भाषांचे ठसे वितळले, हस्तलिखितांची राख झाली. बातमी पोचल्यावर इंग्लंडमधल्या लहान लहान मंडळ्यांनी दोनेक महिन्यांतच दहा हजार पौंडांची भर केली, वरून कुणी फर्मान काढलं नसताना.

पण स्वतंत्र मंडळ्यांची पद्धत भांडणालाही वाव देते. इमारती कुणाच्या, पैशाचा हिशेब कुणी कुणाला द्यायचा, यावरून सेरामपूर आणि संस्थेची लंडनमधली समिती यांचं बिनसलं. नवे मिशनरी वेगळे होऊन कलकत्त्यात राहिले आणि १८२७ मध्ये सेरामपूरकरांनी संस्थेशी नातं तोडलं. केटरिंगच्या त्या खोलीत बसलेला माणूसच संस्थेबाहेर गेला. १८३४ मध्ये कॅरे गेले. समेट त्यानंतर, १८३७ मध्ये झाला.

महाराष्ट्रात बॅप्टिस्ट फारसे रुजले नाहीत. नगर भागात आलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे लोक काँग्रिगेशनल होते. स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण बघावा हे त्यांनाही मान्य होतं, बाळांना बाप्तिस्मा मात्र ते देत. बॅप्टिस्टांचा खरा विस्तार आंध्रच्या तेलुगू भागात आणि ईशान्येत झाला. १८७२ मध्ये गोधुला या आसामी प्रचारकामुळे मोलुंगकिमोंग गावचे नऊ आओ नागा शिबसागरला येऊन बाप्तिस्मा घेऊन गेले. आज नागालँडमध्ये गावागावांतलं चर्च बहुधा बॅप्टिस्टच असतं.

उत्तर भारतातल्या ब्रिटिश परंपरेच्या बॅप्टिस्टांपुढे मात्र वेगळाच प्रश्न आला आणि त्याचा निकाल लागला आपल्या नागपुरात. २९ नोव्हेंबर १९७० ला तिथे सहा चर्चसंस्था एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं. अँग्लिकनांबरोबर बिशप आले, म्हणजे हेल्विसपासून ज्याला नकार दिला तेच पद बॅप्टिस्टांनी स्वीकारलं. काही मंडळ्यांना हे पटलं नाही आणि त्या बाहेर राहिल्या. त्यांची अडचण मला समजते. जे आत गेले त्यांनी एक गोष्ट सोडली नाही. नव्या चर्चच्या घटनेत दोन्ही बाप्तिस्मे मान्य झाले. आईबापांना हवं असेल तर बाळाला बाप्तिस्मा द्यावा. नको असेल तर बाळासाठी केवळ प्रार्थना करावी आणि ते मोठं होऊन स्वतः येऊन मागेल तोवर थांबावं.