नौली : अग्नी आणि आनंद
पोटावर तळहात उजव्या कुशीतून वर, मग आडवा आणि डाव्या कुशीतून खाली फिरविला, की ते मर्दन मोठ्या आतड्याच्या मार्गाने जाते. हठयोगातील नौली ही क्रिया पोटाचे मर्दन हाताविना करते : श्वास पूर्ण सोडून पोट आत ओढावयाचे आणि मधले उभे स्नायू पुढे काढून फिरवावयाचे. १५व्या शतकातील स्वात्मारामाच्या 'हठप्रदीपिके'त, दुसऱ्या उपदेशात, या गतीस पाण्यातील भोवऱ्याची उपमा आहे. आणि ही क्रिया मंद अग्नी चेतविणारी, पाचक व आनंद देणारी म्हटली आहे.

१९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी (१८८३–१९६६) नौलीच्या वेळचा मोठ्या आतड्यातील दाब मोजला. तो बाहेरील हवेच्या दाबाहून कमी भरला. या अवस्थेस त्यांनी आपल्या गुरूंच्या नावे 'माधवदास निर्वात' म्हटले.

या मापनाने दाब कळला. आनंद मोजला गेला नाही. तरीही भाषांतरकाराने ते विशेषण फलश्रुतीचा अलंकार मानून गाळू नये. 'पोटात गोळा येणे', 'पोटात ठेवणे', 'पोटतिडीक' असे सहज बोलणाऱ्या मराठीस पोट व मन यांचे हे नाते परके नाही.