मोटारीचे ऑइल : पाहावे कसे, राखावे कसे



बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचे हे कुणा शेतकऱ्याला शिकवावे लागत नसे. आस कोरडा पडला की चाक करकरू लागे आणि गाडीवानाचा हलगर्जीपणा साऱ्या गावाला कळे. मोटारीचे तसे नाही. तिचे इंजिन बॉनेटखाली झाकलेले. वंगण कमी झाले तरी ते लगेच कुरकुरत नाही. आणि कुरकुरू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. आज खेड्यापाड्यांतून जीप, ट्रॅक्टर, मोटारी आल्या आहेत. कुणाचे पोट वडापच्या जीपवर आहे, तर कुणाच्या ट्रॅक्टरचे हप्ते अजून फिटायचे आहेत. अशा घरात इंजिन जाम झाले, तर वर्षाचा हिशेबच कोलमडतो.

आधी हे ऑइल करते काय ते पाहू. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्यातला दट्ट्या सेकंदाला ५० वेळा वर-खाली होतो. धातूवर धातू असा घासला, तर तो काही मिनिटांतच तापून चिकटेल. मग तो टिकतो कसा?

१८८३ साली इंग्लंडात बीचम टॉवर नावाचा अभियंता आगगाडीच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून एक भोक पाडले. गंमत अशी, की आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. त्याने लाकडी बूच ठोकले, तर तेही वर ढकलले गेले! १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचा उलगडा केला. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढतो, ते अरुंद फटीत दाबले जाते आणि त्या दाबावर आस उचलला जातो. म्हणजे आस धातूवर टेकत नाही, तेलावर तरंगतो. आपल्या इंजिनातला क्रँकशाफ्टही केसाहून पातळ अशा तेलाच्या थरावर फिरत असतो. सारा जीव त्या थरात आहे.

आता ऑइल पाहायचे कसे? गाडी सपाट जागी उभी करावी. शेताच्या उतारावर माप खोटे येते. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर चढलेले ऑइल खाली उतरते. मग मापाची पट्टी बाहेर काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पुन्हा पुरती आत घालून काढावी आणि आता पाहावे. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेजवळ हवे. कमी असेल तर त्याच प्रतीचे थोडे थोडे घालून पुन्हा पाहावे. 'जास्त असले तर बरेच की!' असे कुणी म्हणेल. पण तसे नाही. फार भरले तर क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाचा थर भार पेलत नाही.

रंगही पाहावा. डिझेल इंजिनात ऑइल लवकर काळे पडते. ती काजळी आहे, नुसत्या रंगाने घाबरू नये. पण ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले असे समजून मिस्त्रीला दाखवावे. पेट्रोलचा वास आला, तर इंधन मिसळते आहे. दर आठवड्याला पट्टी पाहिली, तर ऑइल किती खपते हेही ध्यानात येते.

ऑइल कोणते घालावे व केव्हा बदलावे, हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. डब्यावर '१५डब्ल्यू-४०' असे काही छापलेले असते. पहिला आकडा थंडीतला दाटपणा सांगतो, दुसरा तापल्यावरचा. ऑइलबरोबर फिल्टरही बदलावा. गाडी धुळीच्या रस्त्यावर फार चालत असेल, तर मुदत अलीकडे आणावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. चालकासमोर झारीच्या आकाराचा तांबडा दिवा असतो. तो बहुधा ऑइलची पातळी सांगत नाही, दाब सांगतो. तो पेटला म्हणजे तेलाचा थर धोक्यात आला. 'पुढच्या गावापर्यंत नेऊ' असे म्हणू नये. तिथल्या तिथे इंजिन बंद करावे. आणि दिवा पेटत नाही म्हणून पट्टी पाहायचे सोडू नये.

काढलेले जुने ऑइल ओढ्यात, विहिरीजवळ वा उकिरड्यावर ओतू नये. त्यात धातूचे कण व विषारी द्रव्ये असतात. डब्यात भरून ते गॅरेजमधून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जाईल असे पाहावे. हाताला लागले तर साबणाने धुवावे.

शिक्षक बंधुभगिनींनी हा पाठ वर्गात जरूर दाखवावा. दोन वाट्यांत एरंडेल घ्या. एक वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा. तिरक्या धरलेल्या फरशीवर दोन्हींचा एकेक थेंब सोडा. कोमट थेंब पुढे धावेल. तापल्यावर तेल पातळ का होते आणि इंजिनाला ठरावीक दाटपणाचेच ऑइल का लागते, हे मुले आपणच सांगतील. उद्या त्यांतलाच एखादा मुलगा किंवा मुलगी घरच्या ट्रॅक्टरची पट्टी पुसून वडिलांना सांगेल, "दादा, ऑइल खालच्या खुणेला आलंय." तेवढ्या दोन मिनिटांत घरचा मोठा खर्च वाचलेला असेल.