मोटारीचा स्वयंचलित गिअर व त्याचें तेल

मोटार हांकणारास डाव्या पायानें क्लच दाबून हातानें गिअर बदलावा लागतो, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. परंतु ज्यांत हें काम यंत्र आपण होऊन करितें, अशा गाड्या आतां पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर पुष्कळ दिसूं लागल्या आहेत. ही युक्ति नवी नव्हे. अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाड्यांत 'हायड्रामॅटिक' नांवाचा स्वयंचलित गिअरबॉक्स दिला, व पुढें त्याचा प्रसार झाला. या यंत्राचें आयुष्य तेलावर अवलंबून असतें. तें तेल कसें तपासावें व कमी असल्यास कसें भरावें, हें आम्ही येथें सांगणार आहों.

प्रथम तेलाचें कार्य पाहूं. दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. टॉर्क कन्व्हर्टर नांवाच्या बंद पात्रांत असेंच घडतें. मात्र तेथें वाऱ्याच्या जागीं तेल असतें. इंजिनानें फिरविलेलें चाक तेलास गति देतें, व तें तेल दुसऱ्या चाकास फिरवितें. शिवाय पंपानें दाबलेल्या तेलाच्या जोरावरच आंतील क्लच आवळले जाऊन गिअर बदलतो. वंगण घालणें व उष्णता वाहून नेणें हीं कामेंही तेंच करितें.

आतां तेल कमी झालें तर काय होईल? पंप तेलाबरोबर हवाही ओढूं लागेल. हवा दाबली असतां आकसते, म्हणून दाब पुरेसा उत्पन्न होत नाहीं व क्लच घसरूं लागतात. इंजिन ओरडतें, पण गाडी पुढें सरत नाहीं. एखाद्या घाटाच्या चढावर असें झालें तर केवढा प्रसंग ओढवेल! घसरणारे क्लच तापून जळतात, व अर्ध्या लिटर तेलाच्या अभावीं सबंध गिअरबॉक्स उघडण्याची पाळी येते.

ज्या गाडींत तेल पाहण्याची डिपस्टिक असते, तींत तपासणी सोपी आहे. गाडी पंधरावीस मिनिटें चालवून तेल गरम होऊं द्यावें, कारण तेल तापलें कीं फुगतें व त्याची पातळी चढते. मग गाडी सपाट जागीं उभी करून हँडब्रेक ओढावा. ब्रेकवर पाय ठेवून दांडा प्रत्येक गिअरांत क्षणभर ठेवावा व शेवटीं 'पार्क'मध्यें आणावा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालूच ठेवावयाचें असतें. कांहींत तें बंद करावें लागतें. म्हणून गाडीबरोबर आलेलें पुस्तक आधीं पाहावें. पदर, टाय अथवा सैल बाही पंख्यापासून दूर ठेवावी. डिपस्टिक काढून स्वच्छ फडक्यानें पुसावी, पुन्हां पूर्ण आंत घालावी व बाहेर काढून पाहावी. गरम तेलासाठीं असलेल्या दोन खुणांच्या दरम्यान तेल असलें म्हणजे ठीक.

तेलाचा रंगही बोलका असतो. बहुतेक गाड्यांत नवें तेल लाल व पारदर्शक असतें. तें काळपट होऊन करपट वास येऊं लागला, तर क्लच जळल्याची शंका घ्यावी. दुधट गुलाबी दिसलें, तर त्यांत पाणी शिरलें आहे असें समजावें. अशा वेळीं तेल भरून भागत नाहीं. गाडी कारागिराकडेच न्यावी.

तेल केवळ कमी असेल, तर डिपस्टिकच्या नळींत नरसाळें लावून पाव लिटराहून अधिक न ओततां पुन्हां मापावें. जास्त भरणें हेंही घातकच. कारण फिरणारीं चाकें तेल घुसळून त्याचा फेंस करितात, आणि फेंसांत पुन्हां हवाच असते. तेल कोणतें, हेंही पुस्तकांत पाहूनच ठरवावें. लाल दिसलें म्हणून सारखें होत नाहीं. पूर्वीं यांत स्पर्म देवमाशाचें तेल मिसळीत असत. १९७० च्या सुमारास अमेरिकेंत त्या प्राण्यास कायद्याचें संरक्षण मिळालें, तेव्हां रसायनज्ञांस दुसरीं द्रव्यें शोधावीं लागलीं. क्लचची पकड अशा मिश्रणांवर अवलंबून असते.

पुष्कळ नव्या गाड्यांत डिपस्टिक नसतेच. तेथें ठराविक उष्णतामानावर खालचें बूच काढून पातळी पाहतात, व तें काम कारखान्यांतच व्हावें. तसेंच, भारतांत २०१४ सालीं मारुती सुझुकी सेलेरियोबरोबर आलेली 'एएमटी' पद्धति निराळी आहे. तींत साधाच गिअरबॉक्स यंत्राच्या साह्यानें चालविला जातो, म्हणून हें तेल तीस लागत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत धरावी. इंजिनांतील तेल थोडें थोडें जळून जातें, पण गिअरबॉक्सांतील तेल जळून कमी होत नाहीं. तें घटलें असेल, तर कोठें तरी गळत आहे हें निश्चित. म्हणून तेल भरून स्वस्थ न बसतां गाडीखालची जमीन पाहावी, व तेथें लाल डाग आढळल्यास गळतीचें मूळ शोधून तें आधीं बंद करवावें.