रुसतो कोण, समजावतो कोण? गुलाबाईच्या महिन्याची रीत

डबा स्टीलचा, झाकण घट्ट बसलेले, वर यजमान पोरीचा तळहात. ती तो मैत्रिणींच्या कानाजवळ नेऊन एकदाच हलवते. खुळखुळ वाजले तर फुटाणे नाहीतर शेंगदाणे. धप्प वाजले तर लाडू. काहीच वाजले नाही तर शिरा, किंवा मग आईच हुशार आणि डबा काठोकाठ भरलेला. ‘गोड की तिखट?’ इथून चौकशी सुरू होते. सगळ्या जणी हरल्याचे कबूल करीपर्यंत झाकण उघडत नाही.

सावदा, फैजपूर, रावेर, यावल या पट्ट्यात भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे कोजागिरीपर्यंत, संध्याकाळी हा खेळ रंगतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधे केळीच्या बागा असा हा मुलूख. इथे या खेळाला गुलाबाई म्हणतात. जळगावकडे आणि विदर्भात हीच भुलाबाई. खाऊ ओळखणे हा शेवटचा भाग. त्याआधी गाणी होतात, आणि गाण्यांच्या मागे उभे असते एक देवाघरचे भांडण.

भांडणाची गोष्ट अशी सांगतात. शंकर-पार्वती सारीपाट खेळायला बसले. डाव पार्वतीने जिंकला. हार काही शंकराला पचली नाही. तो रागावून उठला आणि रानात निघून गेला. आता त्याला आणायचे कसे? पार्वतीने भिल्लिणीचे रूप घेतले, रानात जाऊन त्याच्यासमोर नाचली, गायली. शंकर तिला भुलला. भुलला म्हणून तो भुलोजी आणि ती भुलाबाई, अशी नावाची फोड लोक करतात. आपल्याकडे त्यांचे झाले गुलोजी आणि गुलाबाई.

गोष्टीतली एक बाब लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. इथे हरतो नवरा, रुसतोही नवरा. आणि समजूत काढायला जावे लागते जिंकलेल्या बायकोला.

मांडणी अगदी साधी. भाद्रपद पौर्णिमेला गुलाबाई-गुलोजीची मातीची रंगवलेली जोडमूर्ती घरी येते. पाटावर किंवा कोनाड्यात तिची स्थापना होते. हळदकुंकू, फूल, दिवा एवढ्यावर पूजा भागते. भटजी लागत नाही, मंत्र लागत नाही, देऊळही लागत नाही. दुसऱ्याच दिवसापासून पितृपक्ष सुरू होतो. घरातली मोठी माणसे त्या पंधरवड्यात शुभकार्य काढत नाहीत, पण गुलाबाईला तो नियम नाही. पितृपक्ष, नवरात्र, दसरा असे सगळे ओलांडत तिचे माहेरपण चालू राहते. पुण्याकडचा भोंडला नवरात्रात आटोपतो, हस्त नक्षत्राशी जोडलेला हादगा सोळा दिवस चालतो. खानदेशातल्या लेकीला महिना मिळतो.

दिवेलागणीला पोरी जमतात. आज हिच्या घरी, मग तिच्या घरी, अशी फेरी चालते. मूर्तीपुढे बसून टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणायची, खाऊ ओळखायचा, वाटून खायचा आणि पुढचे घर गाठायचे. ज्या घरी मूर्ती नाही त्या घरच्या पोरीलाही टिपऱ्या घेऊन यायला आडकाठी नसते. शेवटी कोजागिरीला ज्वारीचे पाच धांडे उभे करून त्यांचे मखर बांधतात आणि जोडमूर्ती त्यात बसवतात. खरिपाची ज्वारी नुकती हाताशी येत असते, त्यामुळे नव्या पिकाचा मानही त्यात साधतो. त्या रात्री गाण्यांना घड्याळ नसते. दूध आटते, एका डब्याच्या जागी डब्यांची रांग लागते, आणि त्यानंतर गुलाबाईची पाठवणी होते.

आता गाण्यांकडे वळू, कारण खरी यंत्रणा तिथे आहे. ही गाणी साखळीने वाढतात. एक ओळ पक्की, ती सगळ्यांनी म्हणायची. बदलतो फक्त एक शब्द. सासू आली, सासरा आला, दीर आला, नणंद आली, असे नाते बदलले की कडवे तयार. म्हणूनच पाच वर्षांची पोर पहिल्याच संध्याकाळी गाऊ लागते, आणि गाणे लांबवायचे असेल तर कुटुंबात एक जाऊ वाढवली की पुरे. विषय घरातलेच असतात. गुलाबाईचे महिन्यामहिन्याने मोजलेले डोहाळे, बाळाचा पाळणा, माहेरी जायला परवानगी मागणारी सून आणि एकेक काम पुढे करून ती लांबवणारी सासू.

याच मेळात रुसलेल्या सुनेचे गाणे येते. ते भोंडल्यात आहे, हादग्यात आहे, भुलाबाईतही आहे. सून रुसून बसली आहे. घरातले एकेक माणूस तिला आणायला जाते. कुणी पाटल्या देऊ करतो, कुणी हार, कुणी आणखी काही. प्रत्येकाला ती नकार देते. दागिन्यांची यादी वाढते, नकारही वाढतो, आणि गाणाऱ्या पोरींचा आवाज प्रत्येक नकाराला चढतो. शेवटी नवरा येतो. बहुतेक पाठांत त्याच्या हातात दागिना नसतो, चाबूक असतो. सून उठते, घरी येते. गाणे संपते.

मघाची गोष्ट इथे आठवा. गोष्टीत रुसायचा हक्क शंकराने घेतला होता. गाण्यात तो हक्क सुनेने घेतला आणि घरच्या सगळ्यांना तिच्या दाराशी यायला लावले. एकाच सणात, एकाच पाटासमोर, भांडण उलटे फिरते. शेवटच्या कडव्यात मात्र चाबूक येतो आणि या रुसव्याची किंमत काय पडायची तेही पोरी गाऊन जातात. कुणी त्यावर भाष्य करत नाही. लगेच डबा येतो.

देवळांतून हेच भांडण मांडतात तेव्हा काय होते ते पाहण्यासारखे आहे. पुरीचा जगन्नाथ रथयात्रेला भाऊ-बहिणीला घेऊन जातो, लक्ष्मीला देवळातच ठेवतो. पाचव्या दिवशी, हेरा पंचमीला, लक्ष्मीची पालखी गुंडिचा मंदिरापाशी जाते आणि तिचे सेवक जगन्नाथाच्या नंदिघोष रथाचा एक तुकडा तोडून राग काढतात. यात्रा संपवून देव घरी परततो तेव्हा लक्ष्मी त्याच्या तोंडावर दार लावून घेते. दोन्ही बाजूंचे सेवक दाराच्या आतबाहेर उभे राहून वाद घालतात. अखेर जगन्नाथ रसगुल्ले देतो, मग दार उघडते.

तमिळनाडूत तिरुवण्णामलैला मकरसंक्रांतीच्या सुमारास, पोंगलच्या दुसऱ्या दिवशी, ‘तिरुवूडल’ होतो. ‘ऊडल’ म्हणजे प्रेमातला रुसवा. भृंगी ऋषी फक्त शिवाला प्रदक्षिणा घालतो, पार्वतीला वगळतो. शिव त्याचीच बाजू घेतो, म्हणून पार्वती चिडून देवळात जाते आणि दार बंद करते. मध्यस्थीला सुंदरर नावाचे संत येतात, पण त्यांचे काही चालत नाही. शिव डोंगराची चौदा किलोमीटरची प्रदक्षिणा करून परततो आणि मग दिलजमाई होते. देवळाजवळच्या एका रस्त्याला नावच या रुसव्याचे आहे.

दोन्हीकडे यंत्रणा सारखी. चूक देवाची, दार देवीच्या हाती, मधे बोलणारी माणसे, आणि नमते घेतो तो देव. खानदेशाला हा अर्थ अनोळखी नाही. सावद्यापासून जवळच्या मुक्ताईनगरातून संत मुक्ताबाईंची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते. तिथली कथा अशी की राधेला कृष्णाजवळ पाहून रुक्मिणी रुसली आणि दिंडीरवनात येऊन बसली. तिला शोधत देव आला आणि पुंडलिकापाशी विटेवर उभा राहिला. रुक्मिणीचे देऊळ आजही विठ्ठलाच्याच आवारात, पण वेगळे आहे. पंढरपुरात विठ्ठल-रखुमाई एका गाभाऱ्यात नाहीत, याचे कारण वारकरी या रुसव्यातच सांगतात.

मंदिरातले भांडण नेमून दिलेल्या सेवकांकडे असते. त्याचे शब्द, वेळ आणि शेवट ठरलेले, म्हणून तिथे दर वर्षी देवीचीच सरशी होते. गुलाबाईचे भांडण पोरींकडे आहे. त्यांना ते आई-आजीकडून ऐकून मिळते, आणि ऐकलेले गाणे गल्लीगणिक बदलते. म्हणून त्यात रसगुल्ल्याऐवजी चाबूक राहिला. आणि म्हणूनच तो बदलणेही पोरींच्याच हातात आहे. अलीकडे शाळांतून, महिला मंडळांतून ही गाणी स्टेजवर, माइकवर होतात. तिथे शेवटचे कडवे कधी गाळले जाते, कधी नवऱ्याच्या हाती दुसरेच काही दिले जाते. काही जाणत्या बायकांना हे रुचत नाही. परंपरा मोडली म्हणतात. पण सासू-सासऱ्यांच्या यादीत जाऊ घालणारीनेही एका अर्थी पाठ बदललाच होता.

येत्या भाद्रपद पौर्णिमेला जोडमूर्ती घरी आणाल तेव्हा आजीला तिचा पाठ एकदा पूर्ण म्हणायला लावा, चाबकासकट. पोरींना तो ऐकू द्या. मग त्या रुसलेल्या सुनेला घरी आणायला शेवटी कोणी जायचे आणि हातात काय घेऊन, हे त्यांचे त्यांना ठरवू द्या. गाणे त्यांचे आहे.