कार्ड स्वाइप झालं, की शेअर विकत!

इनसायडर ट्रेडिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कंपनीचे संचालक येतात. पण अमेरिकेतल्या कॅपिटल वन या क्रेडिट कार्ड कंपनीचं प्रकरण वेगळं आहे आणि ते प्रत्येक नोकरदार गुंतवणूकदाराने समजून घ्यायला हवं.

तिथे दोन डेटा विश्लेषक होते. काम काय, तर कार्डांवरचे फसवे व्यवहार शोधणं. त्यांनी त्याच डेटाबेसमध्ये किमान १७० रिटेल कंपन्यांची विक्री चाळली. चिपोटलेसारख्या रेस्टॉरंट-साखळीत ग्राहक किती खर्च करताहेत, हे त्यांना तिमाही निकालाआधीच कळायचं. अंदाज बांधून ते ऑप्शन्स घ्यायचे. अमेरिकी नियामक एसईसीच्या म्हणण्यानुसार तीन वर्षांत सुमारे १,४७,३०० डॉलरचे २८ लाखांहून अधिक झाले. परतावा तब्बल १,८१९ टक्के! २०१५ मध्ये खटला दाखल झाला. एकाने तडजोड केली, दुसऱ्याला २०१६ मध्ये ज्युरीने जबाबदार धरलं.

लक्षात घ्या, शेअर त्यांच्या स्वतःच्या कंपनीचे नव्हतेच. चोरीची होती ती माहिती, मालकाने विश्वासाने हाती दिलेली. मला हा निकाल पूर्णपणे योग्य वाटतो. लाखो कार्डधारकांच्या खरेदीची नोंद ही कुणाची खासगी तिजोरी नव्हे.

आपल्याकडे सेबीचे २०१५ चे नियमही अप्रकाशित, भावावर परिणाम करणाऱ्या माहितीवर बोट ठेवतात. दंड २५ कोटी रुपये किंवा नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जे जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. बँकेत, एनबीएफसीत किंवा डेटा टीममध्ये असाल, तर सौदा टाकण्याआधी कंपनीच्या कम्प्लायन्स अधिकाऱ्याला जरूर विचारा.