झियाद जर्राह कसा घडला

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत चार विमानांचं अपहरण झालं. त्यांपैकी युनायटेड ९३ या विमानाचं सुकाणू झियाद जर्राह याने बळकावलं होतं. त्याचा जन्म १९७५ सालचा, लेबननमधला. घर सुन्नी मुस्लिम, सुखवस्तू आणि मोकळ्या वळणाचं. मुलाला बैरुतमधल्या ख्रिस्ती शाळांत घातलेलं. मित्रमंडळी, पार्ट्या, बिअर यांत त्याला काही वावगं वाटत नसे. दारिद्र्यातूनच दहशतवादी निपजतो, हा सोपा हिशेब इथे जुळत नाही.

१९९६मध्ये तो शिकायला जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला आला. तिथे तुर्की वंशाच्या एका विद्यार्थिनीशी त्याचं सूत जुळलं. त्याच वर्षाच्या अखेरीस लेबननला जाऊन आल्यावर मात्र तो धर्माचे नियम काटेकोर पाळू लागला, प्रेयसीलाही ती पुरेशी धार्मिक नाही म्हणून टोकू लागला. पुढच्या वर्षी विमान अभियांत्रिकीसाठी तो हॅम्बर्गला गेला. तिथल्या अल-कुद्स मशिदीत मोहम्मद अत्ता आणि रमझी बिनअलशिभ यांच्या गटाशी त्याची ऊठबस वाढली. या तरुणांना चेचन्यात लढायचं होतं. १९९९च्या अखेरीस ते पोचले अफगाणिस्तानात. युरोपात रुळलेली, शिकलेली पोरं ओसामा बिन लादेनला विमान अपहरणाच्या कटासाठी आयतीच सापडली.

जून २०००मध्ये जर्राह फ्लोरिडातल्या व्हेनिस गावी विमान चालवायला शिकू लागला. घरादाराशी संबंध त्याने तोडलेच नाहीत. तो प्रेयसीला सतत फोन करी, वरचेवर जर्मनीला जाई. वडिलांच्या आजारपणात बैरुतलाही जाऊन आला. अपहरणकर्त्यांचा म्होरक्या असलेल्या अत्ताशी त्याचं बिनसलं होतं. जुलै २००१मध्ये तो केवळ जाण्याचं तिकीट काढून जर्मनीत आला, तेव्हा बिनअलशिभने त्याची मनधरणी करून त्याला कटात टिकवून धरलं. परतीची वाट तोवर मोकळी होती, म्हणूनच कटात राहण्याचा निर्णय सर्वस्वी त्याचा ठरतो.

१० सप्टेंबरला त्याने प्रेयसीला निरोपाचं पत्र धाडलं. पत्ता चुकल्याने ते अमेरिकेत परत आलं आणि तपास यंत्रणेच्या हाती लागलं.

दुसऱ्या दिवशी न्यूअर्कहून विमान २५ मिनिटांहून अधिक उशिरा सुटलं. अपहरणानंतर प्रवाशांना फोनवरून न्यूयॉर्कमधल्या विमानहल्ल्यांची बातमी कळली आणि ते कॉकपिटवर चालून गेले. त्यांना पाडण्यासाठी जर्राहने विमान डावी-उजवीकडे हेलकावलं. १० वाजून ३ मिनिटांनी पेनसिल्व्हेनियातल्या शँक्सव्हिलजवळच्या माळावर ते कोसळलं. अपहरणकर्त्यांचं लक्ष्य असलेलं वॉशिंग्टन तिथून विमानाने जेमतेम २० मिनिटांवर होतं. अपहरणकर्ते सोडून विमानातले ४० जण मारले गेले.